संथ कोण?

घरी बसून सिनेमे आणि मालिका पाहणाऱ्या मराठी माणसाकडे समीक्षेचा एक हुकमी शब्द आहे: संथ. ‘चांगला आहे, पण संथ आहे’ एवढे म्हटले की निकाल लागतो. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ ३० एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा त्याच्याही वाट्याला हाच शब्द आला. व्हेनिसला पटकथेचे पारितोषिक मिळवलेला हा मराठी चित्रपट थेट दिवाणखान्यात उतरला होता. कोविडच्या निर्बंधांमुळे सगळे घरातच होते, त्यामुळे वेळ नसल्याची सबब चालणारी नव्हती. तरी अर्ध्या तासात ‘पुढे काही घडते का?’ ही विचारणा सुरू झालीच.

हाच प्रेक्षक रोज रात्री जे पाहतो त्याच्याइतके संथ मात्र दुसरे काही नाही. रोजच्या मालिकेचा एक भाग जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा. आठवड्याला सहा भाग धरले तर महिन्याचे झाले साडेनऊ तास. एवढ्यात एक गैरसमज होतो आणि निम्मा मिटतो. ‘द डिसायपल’ दोन तासांहून थोड्या अधिक वेळात शरद नेरुळकर या गायकाचे लहानपण, उमेदवारी, हट्ट आणि हार मानणे हे सगळे संपवतो.

मालिका मुळात अशी नव्हती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकात दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ घरोघरी पोहोचले. १९९९ मध्ये अल्फा मराठी ही वाहिनी आल्यावर प्रतिमा कुलकर्णी यांची ‘प्रपंच’ आली. मग केदार शिंदे यांची ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’, आणि तिच्यात पुन्हा प्रभावळकरच, आता आजोबा होऊन. आठवड्यातून एकदा भेटणारी ही माणसे होती. टिपऱ्यांच्या घरात महिनाअखेरीची ओढाताण, नातवाचा उनाडपणा, आबांची रोजनिशी एवढेच घडायचे. मधले सहा दिवस प्रेक्षक तो भाग आठवत असे, आणि लेखकालाही विचार करायला तेवढेच दिवस मिळत.

रोजच्या मालिकेने हे सहा दिवस खाल्ले. ‘चार दिवस सासूचे’ने तीन हजारांवर भाग केले तेव्हा त्याचे कौतुक झाले, इतके दिवस नेमके काय सांगितले, हे कोणी विचारले नाही. पुढे गोष्टीही बाहेरून आणाव्या लागल्या. ‘आई कुठे काय करते’ बंगाली ‘श्रीमोयी’वरून, ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून. उसनवारीत गैर काही नाही, मराठी नाटक तिच्यावर पोसले आहे. गैर एवढेच की या मालिकांतल्या घरांना गाव उरलेले नाही. ‘रात्रीस खेळ चाले’चा वाडा सिंधुदुर्गात होता आणि माणसे मालवणीत बोलत, म्हणून तिचे भूत अजून आठवते.

घरबसल्या करमणुकीच्या बाकीच्या दालनांत फार थांबावे असे नाही. विनोदी कार्यक्रम साडी नेसलेल्या पुरुषांवर अजून किती वर्षे काढणार, ते पाहायचे. वेब सिरीजला शिवी म्हणजे धीटपणा वाटतो. ‘समांतर’ने उत्कंठा धरली ती सुहास शिरवळकरांच्या कादंबरीच्या जोरावर. शिवकालीन चित्रपटांची रांग एकाच आरोळीत ऐकून होते.

पुन्हा मालिकेकडे. तिच्यातले एक ठरीव दृश्य पाहावे. सून चहाचा ट्रे घेऊन दारात येते. आत सासू काही बोलते. कॅमेरा सुनेच्या चेहऱ्यावर तीनदा आदळतो, प्रत्येक वेळी मागे धडाम. मग खोलीतल्या सात जणांचे चेहरे एकामागून एक. मग सुनेच्या मनातले वाक्य तिच्याच आवाजात. जाहिराती. परत आल्यावर पहिल्या धडामपासून पुन्हा. चहा अजून ट्रेमध्येच आहे. यामागचे गणित सरळ आहे: पाहणारी बाई ओट्याशी पोळ्या लाटते आहे, तिची पाठ पडद्याकडे आहे, म्हणून सगळे तीनदा आणि मोठ्याने सांगायचे. म्हणजे हे चित्र लावलेले नभोनाट्यच. फरक इतकाच की नभोनाट्याला एकदा सांगितलेले पुरत असे.

‘प्रेक्षकाला हेच लागते’ या सबबीचा पाया या बाईच्या पाठीवर घातलेला आहे. टीआरपीमुळे संच चालू होता एवढे कळते. समोरचा माणूस पाहत होता की कुकरच्या शिट्ट्या मोजत होता, हे कळत नाही. त्याच बाईने ‘टिपरे’ हातातले काम ठेवून पाहिले होते. तिला अर्ध्या डोळ्याची सवय लावली कोणी?

‘द डिसायपल’मध्ये शरद रात्री रिकाम्या रस्त्यावरून मोटरसायकल चालवतो आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माई यांचे, सुमित्रा भावे यांच्या आवाजातले, प्रवचन चालू असते. चित्र जवळजवळ बदलत नाही. बदलते ते ऐकणाऱ्याचे वय. तरुण शरदला ती दीक्षा वाटते. पुढे तीच वाक्ये ओझे होतात, आणि हे सांगायला कोणी मनात बोलत नाही. याला संथ म्हणणे म्हणजे विलंबित ख्यालात तबला का वाजत नाही म्हणून तक्रार करणे. तबला वाजतच असतो.

हीच चाल अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’त आहे, भावे-सुकथनकरांच्या ‘कासव’मध्ये आहे, आणि रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’त तर वडिलांच्या दुखवट्याचे दहा दिवस दोन तासांच्या आत बसतात. मालिकेला तेवढ्यात वडिलांना दवाखान्यातून घरीही आणता आले नसते. या चित्रपटांची जागा फक्त महोत्सवात, हे म्हणणेही खोटे आहे. थांबवता येते, मागे नेता येते, कानाला हेडफोन लावता येतात: असे चित्रपट पाहायला घराइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

ताम्हाणे यांच्याच ‘कोर्ट’च्या शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते. दालनातले दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. घरी पाहताना हात रिमोटकडे जातो तो इथेच. पण चित्रपट संपलेला नसतो. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले असतात आणि बाकावर डुलकी काढत असतात. मुले ओरडून त्यांना जागे करतात आणि पळतात. त्यांतले एक हाती लागते, आणि न्यायाधीश त्याच्या थोबाडीत देतात. ज्यांनी काळ्या पडद्यावर संच बंद केला, त्यांच्या ‘कोर्ट’मध्ये ही थप्पड नाही.