‘वैविध्य’ आणि ‘वारसा’ : अमेरिकेतील प्रवेश-वादाची शब्दचिकित्सा

दि. 29 जून 2023 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांच्या, अर्जदाराचा वंश विचारात घेणाऱ्या प्रवेशपद्धती अवैध ठरविल्या. मराठीत या प्रकरणास सहजपणे ‘आरक्षणाचा वाद’ म्हटले जाते, आणि पहिली गफलत तेथेच होते. प्रवेशातील राखीव जागांचा प्रश्न तेथे 1978 सालीच निकालात निघाला होता. त्यानंतरचा सारा वाद निराळ्याच एका शब्दाभोवती फिरत राहिला, आणि तो शब्द म्हणजे ‘वैविध्य’.

कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील वैद्यकीय विद्यालयाने शंभरांपैकी सोळा जागा अल्पसंख्य वंशांच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या ठेवल्या होत्या. बाकी खटल्यात त्या रद्द झाल्या. तथापि इतर अनेक गोष्टींबरोबर वंशाचाही विचार करण्यास मुभा राहिली. या मुभेचे जे कारण न्यायमूर्ती पॉवेल यांनी दिले, तेच पुढे रूढ झाले. समाजात एकंदरीत घडलेल्या अन्यायाची भरपाई हा हेतू त्यांनी अमान्य केला व विद्यार्थिवर्गातील वैविध्याचा शैक्षणिक लाभ हा हेतू मान्य केला. शब्द बदलला तसा वाक्याचा कर्ताही बदलला. भरपाईच्या भाषेत कृष्णवर्णीय विद्यार्थी हक्कदार असतो. वैविध्याच्या भाषेत तो इतरांच्या शिक्षणाचे साधन ठरतो. न्यायमूर्ती मार्शल यांनी त्याच खटल्यात गुलामगिरीपासूनचा इतिहास सविस्तर मांडला होता, पण कायद्याच्या परिभाषेत त्याला स्थान मिळाले नाही.

दडपलेला अर्थ मात्र पुन्हा वर आला. 2003 मध्ये मिशिगनच्या विधि-विद्यालयाची पद्धत उचलून धरताना न्यायमूर्ती ओकॉनर यांनी वैविध्याचाच आधार घेतला. परंतु पंचवीस वर्षांनी अशा उपायाची गरज उरणार नाही, अशी अपेक्षाही व्यक्त केली. वैविध्य जर शिक्षणास हितकर असेल, तर त्याला मुदत कशाला? मुदत असते ती ऋणाला.

2023 मध्ये सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी हीच विसंगती पकडली. हे उद्दिष्ट मोजता येत नाही, त्याला अंतही नाही, हा त्यांचा आक्षेप खोडून काढणे अवघड आहे. वर्गवारीवरील त्यांची टीकाही रास्त म्हणावी लागते. ‘आशियाई’ या एकाच रकान्यात चिनी, कोरियन आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातला मुलगा असे सर्व एकत्र कोंबले जात होते.

परंतु बहुमताच्या बाजूने, विशेषतः न्यायमूर्ती टॉमस यांच्या स्वतंत्र मतात, ‘रंगांध संविधान’ या पदावर जो भर दिला आहे, तो टिकणारा नाही. (‘वर्णनिरपेक्ष’ हे भाषांतर सुबक खरे, पण त्यात मूळ रूपकातले आंधळेपण नाहीसे होते, शिवाय ‘वर्ण’ शब्द आपल्याकडे भलतीकडेच नेतो.) हे पद न्यायमूर्ती हार्लन यांच्या 1896 च्या भिन्नमतातले. वंशभेदाच्या कायद्याविरुद्ध ते एकाकी धैर्याने उच्चारले गेले. पण त्याच परिच्छेदात, त्याच्या लगेच आधी, प्रतिष्ठा, शिक्षण, संपत्ती व सत्ता यांत गोरा वंश वरचढ आहे आणि पुढेही राहील, असा विश्वास हार्लन यांनी प्रकट केला आहे. म्हणजे मूळ वापरात हा शब्द कायद्याच्या दृष्टीविषयी बोलतो. परिस्थितीच्या समतेविषयी तो काहीच सांगत नाही.

न्यायमूर्ती जॅक्सन यांचे भिन्नमत या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. त्यांनी जॉन व जेम्स असे दोन काल्पनिक अर्जदार घेतले. दोघांचीही घराणी 1789 पासून नॉर्थ कॅरोलायनातली. त्या विद्यापीठाचा पदवीधर होणारी जॉनची ही सातवी पिढी ठरेल, तर जेम्सची पहिली. कारण पदवीपूर्व वर्गांचे दार कृष्णवर्णीयांना 1955 पर्यंत बंद होते. अर्जदाराने वंशाचा आपल्या जीवनावर झालेला परिणाम निबंधात लिहावा, एवढी सवलत बहुमताने ठेवली आहे. मात्र तो परिणाम त्याच्या व्यक्तिगत धैर्याशी वा गुणांशी जोडलेला हवा. पणजोबांना न मिळालेली पदवी आणि त्यामुळे न घेतलेले घर ही जेम्सने सोसलेली घटना नव्हे. तो एक अभाव आहे, आणि अभावाचे कथन निबंधात करणे फार कठीण. जॉनला निबंधाची गरजच नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप देणाऱ्या संस्थेत अर्जावरील एका रकान्यात त्याचे काम भागते. न्यायमूर्ती गोर्सच यांनी आपल्या सहमतीच्या मतात या प्रथेचा उल्लेख केला. निर्णयाने तिला हात लावला नाही.

कॅलिफोर्नियाने 1996 साली मतदानाने शासकीय विद्यापीठांतील वंशविचार बंद केला होता; खासगी महाविद्यालयांतील हे वारसा-प्राधान्य बंद करणारा कायदा त्या राज्यात 2024 मध्ये झाला.