वास्तू पाहणे आणि वास्तूत राहणे

सोव्हिएत काळातील काँक्रीटच्या इमारती वाटाड्यासह हिंडून पाहण्याची प्रथा हल्ली ताश्कंदसारख्या शहरांत रूढ होत आहे. १९६६ च्या भूकंपानंतर ते शहर पुष्कळ अंशी नव्याने उभारले गेले. तेथील १९७४ चे 'उझबेकिस्तान' हॉटेल आता प्रेक्षणीय ठरले आहे. या कौतुकास आमची ना नाही. परंतु बाह्याकृती म्हणजेच वास्तुकला नव्हे, हे भूकंपानेच पुन्हा वसविलेल्या आमच्या लातूर जिल्ह्यास विचारावे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात माळवदाची जड छपरे व मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. पुढे नव्या गावठाणांत सिमेंटची एकसारखी घरे रांगेने उभी राहिली. निवारा भक्कम झाला खरा. पण ओसरी हरपली, शेजार विखुरला. मग रहिवाशांनी कोठे पत्र्याचा आडोसा, कोठे गोठा जोडला. रसिक यास विद्रूपता म्हणोत; आम्ही यास त्या आराखड्यावरील सर्वांत प्रामाणिक टीका समजतो.

लातूरच्या गंजगोलाईस सोळा रस्ते मिळतात. तिचे मोल त्या वर्तुळाहून त्यात चालणाऱ्या व्यवहारात अधिक आहे. येथे कोणी अशी फेरी काढलीच, तर ती गोलाईवर न थांबविता किल्लारीच्या अंगणापर्यंत न्यावी. आणि तेथे वाटाड्याने मौन धरून घरच्या बाईस बोलू द्यावे.