‘टाळेबंदीत’ आणि ‘टाळेबंदीमुळे’ : हॉकनी यांच्या वसंतचित्रांच्या निमित्ताने

२०२० सालच्या महासाथीनंतर कलावंतांनी आपल्या निर्मितीविषयी जे लिहिले वा मुलाखतींतून सांगितले, त्यात एक विधान थोड्याफार फरकाने पुनःपुन्हा भेटते. टाळेबंदीमुळे बाहेरचा व्यवहार थांबला, मन निसर्गाकडे वळले आणि त्यातून नवी निर्मिती झाली, असे ते विधान. निसर्गचित्रकारांच्या बाबतीत तर ते जवळजवळ गृहीतच धरले जाते, आणि पदव्युत्तर प्रबंधिकांच्या आराखड्यांतही ते आता शिरू लागले आहे. या विधानातील ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय कितपत समर्थनीय आहे, एवढेच प्रस्तुत टिपणात तपासून पाहावयाचे आहे. प्रश्न वरकरणी व्याकरणाचा दिसतो. तथापि एखाद्या आपत्तीच्या पदरी निर्मितीचे श्रेय टाकावयाचे की नाही, हा त्यातील खरा प्रश्न होय, आणि तो क्षुल्लक नाही.

‘टाळेबंदीत काढलेली चित्रे’ या रचनेत सप्तमीचा प्रत्यय अधिकरण दाखवितो. क्रिया कोणत्या काळात घडली, याहून अधिक काही तो सांगत नाही. ‘टाळेबंदीमुळे काढली गेलेली चित्रे’ असे म्हणताच स्थिती पालटते. आपल्या परंपरागत व्याकरणांत ‘मुळे’ची गणना करणवाचक शब्दयोगी अव्ययांत होते, आणि त्यामागे ‘मूळ’ हे नाम अद्याप स्पष्ट दिसते. ‘मुळे’ म्हणणारा क्रियेचे मूळ दाखविण्याची जबाबदारी पत्करतो. बोलण्याच्या ओघात मात्र ‘त’वरून ‘मुळे’वर केव्हा घसरलो हे ध्यानातही येत नाही, कारण दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की त्यांत कार्यकारणभाव कल्पिण्याची मनाची खोड जुनी आहे.

या तपासणीसाठी डेव्हिड हॉकनी यांच्या नॉर्मंडीतील चित्रांइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. मार्च २०२० मध्ये फ्रान्समध्ये टाळेबंदी सुरू झाली तेव्हा बयाऐंशी वर्षांचे हे इंग्रज चित्रकार नॉर्मंडीतील आपल्या शेतघरात होते. घराभोवती चार एकर जमीन, फळझाडे, एक तळे. तेथे त्यांनी आयपॅडच्या पडद्यावर वसंताच्या आगमनाची चित्रे काढली. त्यांतील ११६ चित्रे कागदावर मोठ्या आकारात छापून मे २०२१ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडण्यात आली. याच काळात मार्टिन गेफर्ड या समीक्षकाशी चाललेल्या त्यांच्या पत्रव्यवहारावर आधारलेले पुस्तकही २०२१ मध्ये निघाले. चित्र आणि चित्राविषयीचे निवेदन अशी दोन्ही प्रकारची सामग्री येथे एकाच काळातली मिळते. टाळेबंदीतील सर्जनशीलतेचा दाखला म्हणून ही चित्रे जगभर फिरली, हे तर सर्वांस ठाऊकच आहे.

आता कालक्रम पाहावा. वसंताचे आगमन हा विषय हॉकनी यांच्याकडे महासाथीने आणला नाही. यॉर्कशरमधील वोल्डगेट या रस्त्यावर २०११ साली त्यांनी हाच विषय घेतला होता. त्यातील ५१ आयपॅडचित्रे आणि ३२ कॅनव्हास जोडून केलेले एक प्रचंड तैलचित्र २०१२ च्या लंडनमधील प्रदर्शनात होते. साधन तेच, ऋतू तोच, शीर्षकही जवळजवळ तेच. नॉर्मंडीतील घर त्यांनी २०१९ मध्ये घेतले, ते तेथील वसंत रेखाटण्याच्या हेतूनेच. त्याच वर्षी त्या घराची व अंगणाची शाईची रेखाचित्रे न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाली. सारांश, संकल्प अगोदर होता, साधन अगोदर होते आणि जागाही अगोदर पाहून ठेवलेली होती. टाळेबंदी नंतर आली.

ऋतूचा क्रम धरून रोज पाहात राहणे यासाठी दार बंद व्हावे लागत नाही, हे मराठी वाचकास निराळे सांगण्याची गरज नसावी. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) महिन्यांच्या क्रमानेच चालते, आणि त्यामागील निरीक्षणाचे श्रेय आपण लेखिकेच्या दृष्टीला देतो, तिच्या काळातील कोणत्याही सरकारी आदेशाला देत नाही. हॉकनी यांना मात्र आपण हा न्याय लावला नाही. पन्नास-साठ वर्षांच्या रेखाटनाच्या सवयीतून आलेली गोष्ट आपण पंचावन्न दिवसांच्या बंदीच्या नावावर जमा केली.

तरीही ‘मुळे’ सर्वस्वी फेटाळणे न्यायाचे होणार नाही. पाहुणे येणे बंद झाले, प्रवास थांबला, आणि कामात खंड पडेनासा झाला, ही वस्तुस्थिती आहे. वसंतासारख्या रोज पालटणाऱ्या विषयात अखंडता ही मोठीच गोष्ट आहे. एखादे झाड चार दिवसांत फुलते आणि पाचव्या दिवशी पाकळ्या गळू लागतात. त्या चार दिवसांत चित्रकार परगावी असला तर ते चित्र त्या वर्षापुरते हातचे गेले. तेव्हा टाळेबंदीमुळे चित्रांची संख्या वाढली आणि मालिका सलग झाली, असे म्हणण्यास हरकत नाही. ‘मुळे’ करणवाचक आहे ते येथे त्या अर्थानेच लागू पडते : बंदी साधन झाली. चित्राच्या कल्पनेचे वा रूपाचे मूळ मात्र तिच्यात सापडत नाही, आणि प्रचलित विधानाचा दावा नेमका त्या मुळाचाच आहे.

रूपात मूळ सापडणे म्हणजे काय, याचे उदाहरण आपल्याजवळ आहे. ‘मेघदूता’तील यक्ष वर्षभराच्या शापाने रामगिरीवर अडकलेला आहे. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत प्रसिद्धच आहे. पूर्वमेघातील नद्या, पर्वत, नगरे यक्षाच्या डोळ्यांसमोर नाहीत. तो तेथे जाऊ शकत नाही म्हणूनच मेघाला वाट सांगतो, आणि ती वाट हेच त्या काव्याचे निसर्गवर्णन होते. बंधन काढून घेतले तर निरोपाचे प्रयोजन उरत नाही, वाटेचा क्रम उरत नाही, काव्यच उरत नाही. येथे ‘शापामुळे’ हा प्रयोग निःशंक करता येतो. बंधनाने हिरावून घेतलेली वस्तू रचनेत कोठे तरी पोकळीच्या रूपाने दिसली पाहिजे, ही कसोटी मी येथून घेतो.

ती हॉकनी यांच्या चित्रांस लावली की पंचाईत होते. त्यांच्या बागेतून काहीच हिरावले गेलेले नाही. फुटू लागलेल्या फांद्या, तळ्यावर पडणारा पाऊस, फुललेली फळझाडे, सारे समोर आहे आणि समोर आहे म्हणूनच चित्रात आहे. माणसे नाहीत, हे खरे. परंतु वोल्डगेटच्या रस्त्यावरही ती नव्हती, आणि तेव्हा कोणतीही साथ नव्हती. चित्रांच्या गुणावगुणांविषयी मतभेद झाले. काही समीक्षकांना त्यांतील हिरवा रंग भडक आणि छापील पृष्ठभाग निर्जीव वाटला. हा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. पडद्याच्या आतून येणाऱ्या प्रकाशात जी रेघ चपळ दिसते, ती कागदावर कित्येक पटींनी वाढविली की बोथट होते. पावसाच्या चित्रांत मात्र हाच उणेपणा उपयोगी पडला आहे. तेथे रेघ थेंबाचे चित्र काढण्याच्या भरीस पडत नाही, थेंबाच्या वेगाने ओढली जाते. परंतु गुण असो वा दोष, दोन्हींचा उगम साधनात आणि हातात आहे. टाळेबंदीचा संबंध त्यांच्याशी जोडता येत नाही.

मग टाळेबंदी या मालिकेत मुळीच नाही काय? आहे, पण ती एका शीर्षकात आहे. मालिकेतील बहुतेक चित्रांना क्रमांक आणि दिनांक एवढेच नाव आहे. मार्च २०२० मध्ये पिवळ्या डॅफोडिल फुलांचे एक चित्र हॉकनी यांनी प्रसिद्धीस दिले, तेव्हा त्याला एक वाक्यच जोडले : ‘वसंत काही त्यांना रद्द करता येत नाही, हे लक्षात असू द्या’, असा त्याचा आशय. चित्र वोल्डगेटच्या वर्षी काढलेले असते तरी चालले असते. हे वाक्य मात्र २०२० मध्येच लिहिता येते. त्यातील ‘रद्द’ या अर्थाचे क्रियापद सभा, परीक्षा, आगगाड्या, सामने यांना लागणारे आहे. ऋतूला ते कोणी लावीत नाही. त्या काही आठवड्यांत ते इतक्या कर्मांना लागले की ऋतूलाही लावून पाहावेसे वाटले. आणि ‘ते’ म्हणजे कोण? इंग्रजीस कर्ता लागतो म्हणून ते सर्वनाम आले, पण त्याचा निर्देश मोकळाच राहिला. सरकार, अधिकारी, तज्ज्ञ, ज्याला जे हवे ते त्याने भरावे. मराठीत आपण सहज म्हणू, ‘वसंत रद्द करता येत नाही’. ‘करता येणे’ या रचनेत करणारा चतुर्थीत जातो आणि बहुधा गाळला जातो. तो गळाला की वाक्य निसर्गनियमाचे साधे कथन होते आणि मुळातला किंचित उर्मट, आव्हानाचा सूर हरपतो. तात्पर्य, या मालिकेवर टाळेबंदीचा जो ठसा आहे तो वाक्यरचनेवर आहे. चित्रांना तो प्रेक्षकांनी शीर्षकावरून लाविला.

‘टाळेबंदी’ हा शब्दही निमूटपणे सोडून देण्याजोगा नाही. २०२० पूर्वी मराठी वृत्तपत्रांत तो मुख्यतः गिरण्या-कारखान्यांच्या संदर्भात येत असे : मालकाने कामगारांना बाहेर ठेवून दारास टाळे लावणे. इंग्रजीतला नवा शब्द तुरुंगाच्या परिभाषेतला, कैद्यांना कोठड्यांत कोंडण्याचा. आपण आत कोंडण्याच्या क्रियेला बाहेर ठेवण्याचे नाव दिले, आणि दुर्दैवाने देशातील पुष्कळांच्या बाबतीत तेच अधिक अन्वर्थक ठरले. फ्रेंचांचा ‘कॉन्फीनमाँ’ हा शब्द सीमावाचक धातूचा आहे. त्यात माणसाला हद्द आखून दिली जाते. फ्रान्समध्ये ती हद्द अक्षरशः आखलेली होती. व्यायामासाठी घरापासून एक किलोमीटरच्या आत, दिवसाला एक तास. चार एकरांच्या मालकाला ही हद्द जाचत नाही. पॅरिसमधील एका खोलीच्या भाडेकरूला तिच्यात एखादे झाड मिळाले तर मिळाले.

निसर्गचित्र आणि हद्द यांचा संबंध मात्र याहून खोल आहे. आपल्याकडे ‘निसर्गचित्र’ हा शब्द रूढ होण्यापूर्वीपासून ‘देखावा’ हा शब्द आहे. देखावा दिसण्यास पाहणारा एका जागी उभा असावा लागतो. चालत्या माणसाला देखावा नसतो, वाट असते. टाळेबंदीने कोट्यवधी लोकांना एका जागी उभे केले आणि त्यांपैकी ज्यांच्या खिडकीसमोर काही होते त्यांना देखावा मिळाला. त्याच आठवड्यांत भारतात असंख्य मजूर गावाकडे पायी निघाले होते. जालन्याहून भुसावळच्या दिशेने रूळ धरून चाललेले १६ मजूर ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवरच झोपेत मालगाडीखाली सापडले. फ्रान्समधील टाळेबंदी उठली ती त्यानंतर तीन दिवसांनी. मराठवाड्याची ती भूमी त्या मजुरांना किती किलोमीटर उरली या एकाच रूपात दिसत असणार. पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातील लाबनी जंगी या चित्रकर्तीने ‘पारी’ या ग्रामीण भारतविषयक नियतकालिकासाठी त्या वर्षी पायी निघालेल्या मजुरांची चित्रे केली. श्रमिकांचे स्थलांतर हाच त्यांच्या संशोधनाचाही विषय आहे. या चित्रांत पाहावयाची वस्तू चालणारी माणसे आहेत. भूमी येते ती त्यांच्या पायांखालचे अंतर म्हणून. घर हिरावले गेल्याची पोकळी तेथे चित्राच्या विषयातच आहे. ‘टाळेबंदीमुळे’ हा शब्द या चित्रांना लावताना मला अडखळावे लागत नाही. ती २०२० सालची निसर्गचित्रे म्हणून कोणत्याही सूचीत येणार नाहीत, ही आपल्या वर्गीकरणाची उणीव समजावी.

हॉकनी यांच्या पुढील कृतीने मात्र विचारात पाडले आहे. नॉर्मंडीतील वर्षभराची दोनशेहून अधिक आयपॅडचित्रे एकमेकांस जोडून त्यांनी सुमारे ९० मीटर लांबीचा एक चित्रपट्ट केला. तो ऑक्टोबर २०२१ पासून पॅरिसच्या ओरांजेरी संग्रहालयात, मोने यांची ‘कमळे’ ज्या इमारतीत कायमची लावलेली आहेत तेथेच, मांडला गेला. त्यामागे बायो येथील सुमारे ७० मीटरांच्या मध्ययुगीन भरतकामाचा आणि चिनी गुंडाळीचित्रांचा आदर्श होता. हा पट्ट उभे राहून पाहता येत नाही. प्रेक्षकाला हिवाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत चालावे लागते. एका जागी थांबलेल्या डोळ्यांनी जमविलेली सामग्री येथे चालणाऱ्याच्या स्वाधीन झाली आहे. सुट्या चित्रांपेक्षा हा पट्ट मला सरस वाटतो तो याच कारणाने. बायोच्या पटावर लॅटिन मजकूर आहे, प्रसंगामागून प्रसंग सांगणारा. हॉकनी यांनी मजकूर घातलेला नाही. सुट्या चित्रांना असलेले दिनांकही या पट्टावर राहिलेले नाहीत. १७ मार्च कोठे लागला आणि ११ मे कोठे संपला, हे फुलांवरून आणि पानांवरून अजमावावे लागते, आणि तेथे एक झाड दुसऱ्यात मिसळत गेलेले असते.