वडाच्या फेऱ्या आणि श्यामची लाज

बेळगाव-निपाणी भागातल्या मराठी घरांत 'श्यामची आई' या पुस्तकाला मोठा मान आहे. मुलांना मराठीचे वळण लागावे म्हणून पालक ते आवर्जून त्यांच्या हाती देतात. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाने ते घरोघरी नेले. परंतु मातृभक्तीच्या अश्रूंत या पुस्तकातली एक रोकडी शिकवण वाहून गेली. कामांची बायकी आणि पुरुषी अशी वाटणी मुलाच्या मनात कशी रुजते, आणि वडीलधाऱ्यांनी तिला वेळीच कसे आवरावे, हे या पुस्तकात फार चांगले आले आहे.

पहिल्याच रात्रीची 'सावित्री-व्रत' ही कथा घ्या. आजाराने अशक्त झालेली आई वडाच्या प्रदक्षिणा घालायला श्यामला सांगते. श्याम लाजतो, बायकांच्या व्रतात मुलगा दिसला तर लोक हसतील, ही त्याची भीती. ही लाज मुलाबरोबर जन्माला येत नाही, ती लोकांच्या हसण्यातून येते. आई त्याला समजावते, की लाज धरायची ती वाईट कृत्याची, चांगल्या कामाची नव्हे. मुलाचे मन घडते ते अशा क्षणी. त्याच वेळी घरातलेच कोणी 'बायकी' म्हणून हसले, तर पुढची सारी व्याख्याने फुकट!

'पत्रावळ' या कथेत श्यामला पत्रावळ लावायला शिकावेच लागते. 'अर्धनारी नटेश्वर'मध्ये तो आईला घरकामात हातभार लावतो. दोघांचेही गुण अंगी आल्याशिवाय माणूस पुरा होत नाही, हा त्या शीर्षकाचा अर्थ.

तथापि पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. 'अळणी भाजी'त मीठ विसरलेली भाजी वडील मुकाट्याने खातात. हा त्यांचा मोठेपणा खराच. पण पुढच्या वेळी चुलीशी बसावे, असे त्यांना वाटत नाही. मुलाला घडवण्याचे बहुतेक ओझे आईवरच पडते. अक्काला घरकाम कुणी शिकवले, याची कथाच नाही. मुलीला ते येणारच, हे गृहीत.

हे गृहीत आजही आपल्या दारात आहे. निपाणी परिसरात विड्या वळणाऱ्या बायांच्या कमाईवर कित्येक संसार उभे राहिले. 'कमाई पुरुषाची, चूल बाईची' हा हिशेब तिथे केव्हाच मोडला. चूल मात्र बाईकडेच राहिली, आणि तिच्या हाताशी बसली ती मुलगी. मुलगा बाहेर खेळायला मोकळा!

वास्तविक आपल्या मुलांना हा धडा अवघड जाऊ नये. आपल्याकडे मुली घरी सर्रास 'मी येतो, मी जातो' म्हणतात. प्रमाण मराठीसाठी शाळा त्यांना 'येते, जाते' शिकवते. कानडीत तर 'नानु होगुत्तेने' मुलगा आणि मुलगी दोघांचेही एकच. 'मी' म्हणताना आपण बाई की पुरुष हे सांगायचे की नाही, याची रीत भाषेगणिक बदलते, हे दोन भाषांत वाढणारे मूल न शिकवता जाणते. मग भाकरी थापण्याची रीत तेवढी बदलणारी नाही, असे त्याने का मानावे?

तेव्हा पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते. हे पुस्तक वडिलांनी मोठ्याने वाचावे आणि मुलगा-मुलगी दोघांनी शेजारी बसून ऐकावे. वाचन संपल्यावर ताटे उचलायला वडिलांनी आधी उठावे. भातुकलीत रमलेल्या मुलाला हसू नये, आणि सायकल मागणाऱ्या मुलीला 'तुला कशाला?' असे विचारू नये. आईची महती सांगून डोळे पुसणे सोपे आहे. तिच्या हातातले काम वाटून घेणे, ही या पुस्तकाची खरी परीक्षा आहे.