अगाथा ख्रिस्ती : रहस्यकथा आणि आत्मपरीक्षण

रहस्यकथा आमच्या घरांत पुढच्या दाराने कधी आली नाही. पाठ्यपुस्तकाच्या आड बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड दडवून वाचणाऱ्या मुलांना वडीलधाऱ्यांचा धपाटा ठरलेला असे. खुनाच्या गोष्टी वाचून मन मलिन होते, अशी त्या पिढीची समजूत होती. ती सर्वस्वी चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. रक्तपाताची चटक लावणारे लेखन तेव्हाही होते आणि आजही आहे. परंतु सर्वच रहस्यकथा एका मापाने मोजाव्यात काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेचे जीवन, तिची लेखनाची रीत आणि तिचे साहित्य वाचकांसमोर ठेवीत आहोत. तिचे आडनाव मराठीत लिहिताना 'ख्रिस्ती' असे होते. हा केवळ योगायोग आहे आणि आमचे विवेचन त्यावर आधारलेले नाही.

अगाथाबाईंचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील टॉर्की या समुद्रकाठच्या गावी झाला. मुलांनी आठव्या वर्षापर्यंत वाचू नये, असे त्यांच्या आईचे विलक्षण मत होते. मुलगी मात्र त्याआधीच स्वतःच्या प्रयत्नाने वाचू लागली. अकराव्या वर्षी पितृछत्र हरपले. पहिल्या महायुद्धात त्यांनी गावच्या रेड क्रॉस रुग्णालयात प्रथम परिचारिकेचे आणि नंतर औषधे तयार करून देण्याचे काम केले. कपाटांत विषाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या, आणि रहस्यकथा लिहून दाखव असे थोरल्या बहिणीने पूर्वीच आव्हान दिलेले होते. त्यातून 'द मिस्टीरियस अफेअर अॅट स्टाइल्स' ही पहिली कादंबरी जन्मास आली. तिचे लेखन १९१६ सालचे. ग्रंथरूपाने ती १९२० साली प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी अनेक प्रकाशकांनी ती साभार परत केली होती.

तिचा नायक हर्क्यूल पॉयरो कोठून आला हे आमच्या वाचकांना विशेष रुचेल. युद्धामुळे देशोधडीला लागलेले बेल्जियन निर्वासित टॉर्कीच्या एका धर्मग्रामात आश्रयाला आले होते. त्यांच्याकडे पाहून अगाथाबाईंना निवृत्त बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याची कल्पना सुचली. पॉयरो हा कॅथलिक आहे, परका आहे, निर्वासित आहे. इंग्रज त्याच्या मिशांना आणि उच्चारांना हसतात, आणि त्याला हसताना बेसावध राहून सत्य बोलून जातात.

आता त्यांची लेखनाची रीत पाहू. नामवंत लेखिका म्हटले की प्रशस्त अभ्यासिका आणि ठरलेली वेळ आपल्या डोळ्यांपुढे येते. अगाथाबाईंजवळ यांतले पुष्कळ वर्षे काहीच नव्हते. एक भक्कम मेज आणि टंकलेखन यंत्र एवढे मिळाले की झाले. शयनगृहातील संगमरवरी माथ्याचे हात धुण्याचे मेज किंवा दोन जेवणांच्या मधल्या वेळेतील जेवणाचे टेबल हीच त्यांची लेखनशाळा. वृत्तपत्रांचे लोक लिहिण्याच्या जागेचे छायाचित्र मागत, तेव्हा दाखवावे काय असा प्रश्न पडे. कथानके जुळविण्याची उत्तम जागा म्हणजे न्हाणीघरातील मोठे टब. त्यात बसून, सफरचंदे खात, त्या खुनांचा विचार करीत. पहिली कादंबरी अडली तेव्हा आईच्या सांगण्यावरून त्या डार्टमूरच्या माळावरील एका हॉटेलात राहिल्या. सकाळी लिहावे आणि दुपारी माळावर एकटीने चालत पात्रांचे संवाद स्वतःशी मोठ्याने बोलावेत, असा क्रम ठेवून त्यांनी ती पुरी केली.

त्यांच्या ७३ वह्या आज उपलब्ध आहेत. जॉन करन या अभ्यासकाने २००९ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. या वह्यांत ना क्रम आहे ना शिस्त. विषप्रयोगाच्या कल्पनेशेजारी बाजारहाटाची यादी आहे आणि ब्रिजच्या डावाचे गुणही आहेत. प्रसंगांना अ, ब, क अशी अक्षरे देऊन त्या त्यांची उलटापालट करीत. खुनी कोण हेही कित्येकदा आरंभी ठरलेले नसे. एकामागून एक पात्र त्या जागी उभे करून त्या पाहत.

ही केवळ लहर नव्हती, असे आम्हांस वाटते. ज्या वहीत घरचा हिशेब त्याच वहीत खून, या सवयीचा त्यांच्या जीवनदृष्टीशी जवळचा संबंध आहे. त्यांच्या कथांत पाप परक्या मुलखातून चालून येत नाही. ते चहाच्या मेजावर, मृत्युपत्राच्या वाचनाला, वाढदिवसाच्या मेजवानीला हजर असते. आणि लेखिकेला प्रत्येक पात्र खुनाच्या जागी उभे करून पाहता येते, याचा अर्थ प्रत्येक मनुष्य मोहाला बळी पडू शकतो हे तिने मान्य केले आहे. डॉक्टर, न्यायाधीश, दाई, कर्नल यांपैकी कोणीही संशयातीत नाही. आपण ज्याला मूळ पाप म्हणतो त्याची ही घरगुती भाषेतील ओळख आहे. १९३० साली कादंबरीत अवतरलेली मिस मार्पल ही अविवाहित वृद्धा तर हेच करते. खुन्याकडे पाहून तिला आपल्या खेड्यातील कोणी पोऱ्या किंवा कोणी दुकानदार आठवतो. अशी एखादी मावशी आपल्याही प्रत्येक धर्मग्रामात असते. फरक इतकाच, की मिस मार्पल जे ओळखते त्याची चावडी करीत नाही.

येथे उणिवाही सांगितल्या पाहिजेत. अगाथाबाईंच्या ६६ रहस्यकादंबऱ्यांपैकी बहुसंख्य कथांत मृत व्यक्तीसाठी कोणी फारसे रडत नाही. प्रेत हा कोड्याचा पहिला तुकडा असतो. पुष्कळ पात्रे ठशातून काढल्यासारखी आहेत, आणि दोन महायुद्धांमधील पुस्तकांत ज्यू व इतर परकीयांविषयीचे काही उल्लेख आज वाचवत नाहीत. मृत्यूचा खेळ होतो, हा वडीलधाऱ्यांचा आक्षेप या कथांना लागू पडतो.

परंतु लेखिकेला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९२६ साल तिच्या जीवनात वणव्यासारखे आले. एप्रिलमध्ये आई गेली. पाठोपाठ पतीने दुसऱ्या स्त्रीसाठी घटस्फोट मागितला. ३ डिसेंबरला अगाथाबाई घरातून नाहीशा झाल्या आणि अकरा दिवसांनी हॅरोगेट येथील एका हॉटेलात सापडल्या. तेथे त्यांनी त्याच दुसऱ्या स्त्रीचे आडनाव लावले होते. या प्रसंगाविषयी त्यांच्या आत्मचरित्रात एक अक्षर नाही. १९२८ साली घटस्फोट झाला. आपण हौशी न राहता व्यावसायिक लेखिका झालो ते याच सुमारास, असे त्यांनी नोंदविले आहे. इच्छा नसताना, पुस्तक मनातून आवडत नसतानाही लिहावे लागले म्हणून. १९३० साली त्यांनी पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवान यांच्याशी विवाह केला. पुढे इराकमधील उत्खननांत प्राचीन हस्तिदंती शिल्पे त्या तोंडाला लावायच्या क्रीमने हळुवारपणे स्वच्छ करीत.

त्या अँग्लिकन पंथाच्या होत्या. घटस्फोटानंतर त्यांनी कम्युनियन घेणे सोडले. मात्र आईचे 'इमिटेशन ऑफ ख्राइस्ट' हे पुस्तक उशाशी ठेवले. डेव्हनमधील चर्स्टन येथील चर्चला त्यांनी रंगीत काचांची खिडकी अर्पण केली, तेव्हा मुख्य चित्र उत्तम मेंढपाळाचे असावे अशी त्यांची इच्छा होती. १९७१ साली जुनी लॅटिन मिस्सा इंग्लंडमध्ये टिकावी म्हणून लेखक-कलावंतांनी पोप सहावे पॉल यांना विनंतीपत्र धाडले. त्यावर कॅथलिक नसलेल्या अगाथाबाईंचीही सही होती. त्यांचे नाव वाचून पोपमहोदय उद्गारले आणि मग संमती दिली, अशी आख्यायिका आहे. ती सवलत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

न्यायाचा प्रश्न त्यांना अखेरपर्यंत सोडीत नव्हता. १९३४ च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'मध्ये पॉयरो दोन उत्तरे मांडतो, आणि पोलिसांना खोटे उत्तर दिले जाते यास तो हरकत घेत नाही. वाचक तेव्हा सुखावतो. परंतु महायुद्धाच्या काळात लिहून तिजोरीत ठेवलेल्या आणि १९७५ साली प्रकाशित झालेल्या 'कर्टन'मध्ये तोच प्रश्न उलटून येतो. कायद्याच्या हाती न लागणाऱ्या दुष्टापुढे मनुष्याने काय करावे? पॉयरो काय करतो हे सांगून आम्ही रसभंग करणार नाही. मात्र आपले कृत्य योग्य की अयोग्य हे आपल्याला ठाऊक नाही, अशी कबुली हा अहंमन्य गृहस्थ अखेरच्या पत्रात देतो आणि स्वतःला देवाच्या हाती सोपवितो. आयुष्यभर प्रत्येक कोड्याचे उत्तर ज्याच्यापाशी होते, त्याच्यापाशी स्वतःविषयीचे उत्तर नाही. सुटलेल्या कित्येक कोड्यांहून ही कबुली आम्हांस मोलाची वाटते.

आणि तरीही त्यांची सर्वांत खरी रहस्यकथा खुनाची नाहीच. मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने त्यांनी सहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील 'अॅबसेंट इन द स्प्रिंग' (१९४४) त्यांनी तीन दिवसांत लिहून काढली. युद्धकाळात त्या लंडनमधील रुग्णालयाच्या औषधविभागात काम करीत होत्या. पुस्तक मध्येच सोडण्याची भीती वाटून त्या दिवशी त्या कामावर गेल्या नाहीत. जोन स्कडमोर ही सुखवस्तू गृहिणी बगदादहून परतताना पावसामुळे वाळवंटातील विश्रांतिगृहात अडकते. जवळची पुस्तके वाचून संपतात. बोलायला कोणी नसते. मग एकेक आठवण बिळातून बाहेर यावी तशी वर येते. आपण पतीचे स्वप्न मोडले, मुलांना आपली माया जाचली, हे तिला उमगत जाते. येथे शोध घेणारी तीच आणि अपराधीही तीच. पुरावे सारे तिच्याच स्मरणात आहेत. ती पश्चात्तापाने व्याकूळ होते, क्षमा मागण्याचा निश्चय करते. घरी पोहोचते. पती समोर असतो. एक वाक्य बोलायचे असते.

ते वाक्य ती बोलत नाही. जुनी जोन पुन्हा आपल्या जागी बसते.

पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहून ऐन वेळी घरी परतलेल्या कोणालाही ही कादंबरी परकी वाटणार नाही. १२ जानेवारी १९७६ रोजी अगाथाबाई निवर्तल्या. त्यांची कोडी मनोरंजनाकरिता अवश्य वाचावीत, मुलांनाही वाचू द्यावीत. लपविण्याचे कारण नाही. परंतु घरातील थोरांनी उपवासकाळात एकच पुस्तक निवडायचे तर जोनची कथा निवडावी, अशी आमची शिफारस आहे.