रहस्यकथेतला साक्षीदार

बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा मी आजही आवडीने वाचतो. त्यांतला साक्षीदार नेमके हवे तेच पाहतो. शेवटच्या पानावर गुन्हेगार हजर होतो. करमणूक झकास! पण आमच्या भंडारा जिल्ह्यात, मुरमाडीस, १४ फेब्रुवारी २०१३ रोजी तीन सख्ख्या बहिणी बेपत्ता झाल्या. दोन दिवसांनी विहिरीत त्यांचे देह सापडले. उलगडा झाला नाही. अशा वेळी रहस्यकथांत मुरलेले मन शेवटचे पान स्वतःच लिहू लागते. ऐकलेले ‘पाहिलेले’ होते. एखादा परका माणूस संशयित ठरतो. जपानी कथाकार अकुतागावाने १९२२ साली एका खुनाच्या परस्परविरोधी साक्षी मांडल्या, निकाल मात्र दिला नाही. आम्हां मराठी कथाकारांना हा संयम कधी साधणार?