असेसमेंट सेंटर नक्की काय मोजतं?

ब्रिटनमध्ये मास्टर्स संपत आलं की आपल्या मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "असेसमेंट सेंटरला बोलावलंय, तयारी काय करू?" उत्तरंही ठरलेली. सगळ्यांच्या आधी बोल. मार्कर हातात घे. शेवटचा सारांश तूच सांग. लीडरशिप दिसली पाहिजे! माझ्या मते हा सल्ला एका चुकीच्या समजुतीवर उभा आहे, आणि ती समजूत कंपन्याही पोसतात.

आधी ओळख. असेसमेंट सेंटर ही जागा नव्हे, पद्धत आहे. अर्धा किंवा पूर्ण दिवस उमेदवारांना वेगवेगळी कामं देतात: गटचर्चा, ईमेलच्या ढिगाऱ्यातून वाट काढायचा ई-ट्रे, चिडलेल्या ग्राहकाशी रोल-प्ले, प्रेझेंटेशन, मुलाखत. प्रशिक्षित असेसर बघून गुण देतात. ब्रिटिश सैन्याने १९४२ मध्ये अधिकारी निवडीसाठी अशी मंडळं सुरू केली. सैन्यात जाऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना माहीत असलेली एसएसबी त्याच घराण्यातली. पुढे १९५६ मध्ये अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने याच धर्तीवर आपल्या मॅनेजरांचा दीर्घ अभ्यास सुरू केला आणि पद्धत उद्योगांत रुजली.

यामागचा तर्क साधा आहे. तुमच्यात 'नेतृत्व' नावाचा गुण असेल, तर तो गटचर्चेतही दिसेल आणि रोल-प्लेमध्येही. म्हणजे दोन्हीकडच्या नेतृत्वाच्या गुणांचा मेळ बसायला हवा.

१९८२ मध्ये पॉल सॅकेट आणि जॉर्ज ड्रेअर यांनी तीन संस्थांच्या सेंटर्समधले गुण तपासले. तर्क उलटा पडला. एकाच कामात दिलेले वेगवेगळ्या गुणांचे मार्क एकमेकांशी घट्ट जुळत होते. पण एकाच गुणाचे वेगवेगळ्या कामांतले मार्क? तिघांपैकी दोन संस्थांत त्यांचा मेळ जवळपास नव्हताच. त्यानंतर असाच निष्कर्ष पुन्हा पुन्हा आला.

आपल्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखंच हे. पोहे छान झाले की मुलगी सुगरण, शिवाय मनमिळाऊ, शिवाय वळण चांगलं. चाखले फक्त पोहे, पण मार्क मिळाले अख्ख्या स्वभावाला.

अर्थात इथे थांबणं अन्यायाचं होईल. असेसर चुकतात, एवढाच याचा अर्थ नाही. माणूसच प्रसंगागणिक वेगळा वागतो, असं म्हणणारा अभ्यासकांचा मोठा गट आहे, आणि मला ते पटतं. समोरासमोर शांतपणे समजूत काढणारी मुलगी सहा अनोळखी लोकांच्या चर्चेत गप्प बसू शकते. दोन्ही खरं आहे. पण मग निकाल कामानुसार सांगा ना!

माझा खरा आक्षेप इथे आहे. माझ्या एका मैत्रिणीला नकारासोबत अभिप्राय आला: 'तुमच्यात सहकार्याची वृत्ती कमी आढळली.' कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. दोन-तीन आठवडे ती तेच घोळवत होती, "मी खरंच अशी आहे का गं?" ज्या मोजपट्टीला 'सहकार्य' सुटं काढून दाखवता येतं की नाही याबद्दल १९८२ पासून वाद चालू आहे, तिच्या जोरावर कुणाच्या वृत्तीबद्दल असं वाक्य लिहू नये. "चाळीस मिनिटांच्या गटचर्चेत तुम्ही इतरांच्या मुद्द्यांना फारसा प्रतिसाद दिला नाही" एवढं म्हणता आलं असतं. ते खरंही ठरलं असतं आणि उपयोगीही.

मग हे सगळं थोतांड आहे का? नाही. कामातल्या यशाशी सेंटरच्या एकूण गुणांचा संबंध आहे. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या अभ्यासांची फेरमांडणी केली, तेव्हा हा सहसंबंध ०.२९ आला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत). ठरावीक प्रश्नांच्या, आखीव मुलाखतीसाठी तो ०.४२ होता. म्हणजे सेंटर थोडंफार सांगतं, पण आयुष्याचा निकाल लावण्याइतकं नक्कीच नाही.

आणखी एक गोष्ट. मार्टिन क्लाइनमान यांनी १९९३ मध्ये दाखवलं की असेसर काय बघतायत हे ज्यांना ओळखता येतं, त्यांना गुण जास्त मिळतात. ही एक क्षमताच आहे, आणि ती पुढे कामातही उपयोगी पडते असं काही अभ्यास म्हणतात. पण ज्याचे चार सीनियर त्याच कंपनीत आहेत, त्याला ओळखावं लागतच नाही, आयतं कळतं. म्हणून निकष आधीच जाहीर करणाऱ्या कंपन्या मला जास्त प्रामाणिक वाटतात.

आता तुमच्या तयारीबद्दल. 'लीडर' व्हायची तालीम सोडा, एकेका कामाची तालीम करा. ई-ट्रेमध्ये आधी सगळं वाचा, मग क्रम लावा, आणि तो का लावला हे एका ओळीत लिहा. रोल-प्लेमध्ये तोडगा सुचवण्याआधी दोन प्रश्न विचारा. गटचर्चेत घड्याळाकडे लक्ष ठेवा, दुसऱ्याचा मुद्दा नाव घेऊन पुढे न्या. 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये' हे घरी शिकलेलं असेल, तर इथे ते आड येतं. आरडाओरडा नको, पण पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य तरी बोला; पुढचं सोपं जातं. कंपनीच्या साइटवर निकष दिले असतील तर ते आधी वाचून जा. नसतील तर ईमेल करून विचारा, विचारण्यात काही कमीपणा नाही.

आणि सकाळची गटचर्चा फसली तर जेवणाच्या सुट्टीत हिशेब मांडत बसू नका. काही ठिकाणी प्रत्येक कामाला किमान गुणांची अट असते, हे खरं. पण एका कामातली कामगिरी दुसऱ्यातलीबद्दल फारच कमी सांगते, हेच तर इतक्या वर्षांचं संशोधन म्हणतंय. दुपारच्या रोल-प्लेला तुम्ही कोरी पाटी घेऊन जाऊ शकता.

मैत्रिणीला मी हेच सांगितलं, पण उशिरा. तुम्हाला आधीच सांगतेय.